गुत्त्याची कसली पाटी लावता?

जुन्नर तालुक्यातलं आमचं जुनं घर दिवाळीनंतर पाडायचं ठरलंय. लाकडाचा व्यापारी येऊन सागाचे खांब, तुळया आणि दाराची चौकट मोजून गेला. कुठल्यातरी रिसॉर्टला ‘वाड्याचा फील’ द्यायला ते लाकूड जाईल. ग्रामसभेत मी एवढंच म्हणालो, पाडण्याआधी मापं घ्या, फोटो काढा, चार ओळी लिहून ठेवा. तर मागून आवाज आला, “गुत्त्याची कसली पाटी लावता?” सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र राग आला, म्हणून हे लिहितोय.

हो, आमचं घर दारूचा गुत्ता होता. इंग्रजांच्या १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर दारू हे सरकारी उत्पन्नाचं हुकमी साधन झालं. परवानेवाल्या मक्तेदाराची दारू कायदेशीर, आणि डोंगरातल्या माणसाने घरी गाळलेली मोहाची दारू गुन्हा! वाढत्या दुकानांविरुद्ध जोतीराव फुल्यांनी १८८० मध्येच पुणे नगरपालिकेत लेखी तक्रार केली होती. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, आमच्या गावचा गुत्ता बसला आणि ती रिकामी जागा आजोबांनी राहायला घेतली.

घर नीट पाहिलं तर हे सगळं आजही दिसतं. रस्त्याच्या बाजूचा ओटा घराला नको एवढा रुंद आहे, कारण तिथे गिऱ्हाईक बसायचं. आमचं देवघर आहे त्या खोलीला एकही खिडकी नाही आणि दाराला दोन अडसर आहेत. तिथे पिंपं असायची. मागच्या भिंतीत कमरेइतक्या उंचीवर एक झरोका आहे. आम्हाला लहानपणी तो मांजरासाठी ठेवलाय असं वाटायचं. आजोबांनी एकदाच सांगितलं, ज्यांना ओट्यावर चढू देत नव्हते, त्यांना तिथून दारू द्यायचे. त्यांच्या वाट्या बाहेर वळचणीला खोचलेल्या असायच्या. पैसे सगळ्यांचे चालायचे, वाटी चालायची नाही.

तो झरोका नोंदवायचा नाही, तर काय नोंदवायचं?

२०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला. २०२५ मध्ये शिवनेरी जागतिक वारशात गेला. अभिमान आहेच. पण आपल्या लेखी वारसा म्हणजे फक्त किल्ला, लेणी, देऊळ आणि वेशीवरची सिमेंटची कमान. शिवनेरीच्याच लेण्यांत एका यवनाने भिक्षुसंघाला जेवणघर दिल्याचा लेख आहे. लोक कुठे बसून जेवले, हे त्या काळी दगडात कोरण्याइतकं महत्त्वाचं वाटलं. आपल्याला वहीत लिहायचंही जड जातं.

सरकारी दप्तरात आमचं घर म्हणजे नमुना ८ वरचे दोन शब्द, ‘दगड-मातीचे’. स्वामित्व योजनेचा ड्रोन वरून छपराची हद्द मोजतो. झरोका त्याला कुठून दिसणार? शेजारच्या तालुक्याचं ज्याच्यावरून नाव पडलं, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तिथे निदान धरणाचं कारण होतं. आपण तर पाणी नसताना गावं बुडवतोय.

आता कुणी म्हणेल, तुला एवढा पुळका आहे तर राहा त्यात. बरोबर आहे. पावसाळ्यात पाच ठिकाणी गळतं, तुळईला वाळवी आहे, डागडुजीचा खर्च झेपत नाही. चुलतभावाला स्लॅबचं घर हवंय, त्यात त्याची काही चूक नाही. कुणाचं घर अडवा असं मी म्हणतच नाही.

मागणी छोटी आहे. जुनं घर पाडण्याआधी ग्रामपंचायतीने एक दिवस द्यावा. शाळेची चार पोरं, एक टेप, एक मोबाईल आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस. नकाशा, फोटो, आठवणी एका वहीत. वाडा असो, चावडी असो, नाहीतर गुत्ता. लाज वाटते तीही नोंद हवी, नाहीतर उद्या नातवंडं विचारतील, “आपल्या गावात असं कधी नव्हतंच ना?” आणि आपण मान डोलावू.

आमच्या घराची वही मी या रविवारी सुरू करतोय. जुन्नर-आंबेगावातल्या ज्यांचं घर पडायला आलंय, त्यांनी आधी मागची भिंत बघून या.