मिलवॉकीची गाडी लागोसला कशी गेली

पुण्यातलं जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेड काय असतं ते वेगळं सांगायला नको. अमेरिकेत या वेडाची राजधानी म्हणजे विस्कॉन्सिन राज्यातलं मिलवॉकी शहर. मॉडेल रेल्वेचं सामान बनवणारी वॉल्थर्स कंपनी १९३२ ची, इथलीच. 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक १९३४ साली इथूनच निघालं. आणि छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना १९३५ मध्ये स्थापन झाली तीही इथेच.

विषय खेळण्यांचा वाटेल, पण मंडळी, आहे जनतेच्या पैशाचा. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

त्याच १९३५ साली 'मिलवॉकी रोड' या रेल्वे कंपनीने शिकागोहून मिलवॉकीमार्गे सेंट पॉलला जाणारी 'हायवाथा' सुरू केली. वाफेचं इंजिन, आणि वेग ताशी १०० मैलांच्या वर, म्हणजे १६० किमीपेक्षा जास्त. शिकागो ते मिलवॉकी हे १३७ किमी अंतर ती गाडी पुढे सव्वा तासात कापू लागली. आज त्याच मार्गावर, त्याच नावाच्या डिझेल गाडीला दीड तास लागतो! कारण असं की १९४६ मध्ये शिकागोजवळ नेपरव्हिल इथे एक गाडी दुसरीवर आदळली. त्यानंतर सरकारी आयोगाने नियम केला की ताशी ८० मैल किंवा जास्त वेगाने पळवायचं असेल तर इंजिनात सिग्नल दिसण्याची किंवा गाडी आपोआप थांबण्याची सोय हवी. नियम योग्यच होता. पण बहुतेक कंपन्यांनी ती सोय करण्यापेक्षा गाड्याच ७९ वर आणून ठेवल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९५६ च्या कायद्याने महामार्गांचं जाळं आलं, त्याचा ९० टक्के खर्च केंद्राने उचलला. विमानतळ जनतेच्या पैशातून झाले. रेल्वे कंपन्या मात्र खासगी, रूळ त्यांचे, वर त्या रुळांवर कर. १९६७ मध्ये टपालखात्याने बहुतेक गाड्यांतली टपालसेवा काढून घेतली आणि उरलेलं उत्पन्नही गेलं. १ मे १९७१ ला सरकारी अ‍ॅमट्रॅक सुरू झालं ते देशातल्या जवळपास निम्म्या प्रवासी गाड्या बंद करूनच. विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसन. तिथे तेव्हापासून आजवर प्रवासी गाडी नाही.

आता तळघरात चला. बाहेर गाड्या बंद पडत होत्या त्या काळात खाली छंद बहरत होता. आजही असंख्य लेआउट १९५० च्या दशकातले असतात, वाफ संपत आलेली आणि डिझेल येत असलेलं. मूळ गाडीच्या ८७ पट लहान डबे, प्रत्येक रिव्हेट जागेवर. काही मंडळी तर वेळापत्रक लावून, भरभर पळणारं घड्याळ भिंतीवर टांगून, रीतसर ड्युटी वाटून घेऊन गाड्या चालवतात. मला या लोकांबद्दल आदर आहे. त्यांच्या संघटनेने प्रमाणं ठरवून दिली म्हणून एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या रुळावर धावतो. हे काम कोणी सरकारने सांगून केलेलं नाही.

आणि याच राज्यात २०१० मध्ये काय झालं? मिलवॉकी ते मॅडिसन गाडी सुरू करायला केंद्राने ८१ कोटी डॉलर मंजूर केले होते. नोव्हेंबरात स्कॉट वॉकर गव्हर्नर म्हणून निवडून आले ते ही गाडी रोखण्याचं आश्वासन देऊनच. म्हणणं असं की चालवण्याचा वर्षाला सुमारे ७५ लाख डॉलरचा भार राज्यावर पडेल, त्यापेक्षा पैसे रस्त्यांना द्या. रस्त्यांना ते देता येत नव्हते. डिसेंबरात केंद्राने रक्कम काढून घेतली आणि कॅलिफोर्निया, फ्लोरिडा अशा दुसऱ्या राज्यांना वाटली.

तोट्याचा मुद्दा खोटा नाही. चालवायचा खर्च कोण देणार हे विचारायलाच हवं. पण रस्ता दरवर्षी किती 'तोट्यात' जातो हे कोणी विचारतं का?

त्याआधीच राज्याने टॅल्गो या स्पॅनिश कंपनीकडून हायवाथासाठी दोन नव्या गाड्या मागवल्या होत्या. त्या मिलवॉकीतच बांधल्या गेल्या. तयार झाल्या, आणि राज्याने घेतल्याच नाहीत. कोर्टकचेरी झाली, कोट्यवधी डॉलर गेले, गाड्या वर्षानुवर्षं नुसत्या उभ्या. अखेर २०२२ मध्ये त्या नायजेरियातल्या लागोसने विकत घेतल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की रेल्वेवर प्रेम असणं आणि रेल्वे चालवायला पैसे मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे पहिली भरपूर असते तिथे दुसरी आपोआप येते असं आपण धरून चालतो, आणि पुढारी नेमका त्याचाच फायदा घेतात. आठवणीला खर्च कमी लागतो. आपल्याकडेही स्टेशनबाहेर जुनं इंजिन रंगवून ठेवलं की सेल्फीला गर्दी होते. पण पॅसेंजरचा थांबा गेला की निवेदन घेऊन जायला चार माणसं जमवणं कठीण.

मे २०२४ मध्ये शिकागो, मिलवॉकी, सेंट पॉल अशी 'बोरिएलिस' ही आणखी एक रोजची गाडी सुरू झाली. पहिल्या पाचेक महिन्यांत लाखभर लोकांनी प्रवास केला. म्हणजे गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. मॅडिसनच्या माणसाला मात्र ती पकडायला कार काढून सुमारे ४५ किमीवरच्या कोलंबस नावाच्या छोट्या गावी जावं लागतं.