सिद्धगडचे स्मारक: नाव उरले, कार्य कुठे गेले?

दरवर्षी २ जानेवारीच्या पहाटे मुरबाड आणि कर्जत तालुक्यांतील माणसे सिद्धगडाच्या रानातील हुतात्मा स्मारकाशी जमतात. १९४३ साली याच दिवशी, पहाटे, पोलीस अधिकारी हॉल याच्या तुकडीने येथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना गोळ्या घालून ठार केले. दिवस उजाडताना मानवंदना होते, घोषणा होतात, भाषणे होतात आणि दुपारपर्यंत रान पुन्हा शांत होते. आठ दशकांहून अधिक काळ हे स्मरण टिकून आहे, ही साधी गोष्ट नव्हे. तरीही काही वर्षांपूर्वी तेथून परतताना एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, "पण त्यांनी नेमकं केलं काय होतं?" स्मारक पाहून आलेल्या मुलाला हा प्रश्न पडावा, याचा विचार साहित्याच्या अध्यापकांनी तरी करायला हवा.

विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेत निवडून आले. परिसरातल्या शेतकऱ्यांच्या आणि आदिवासींच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या. पावसाळ्याच्या तोंडावर दाण्यापायी सावकाराच्या दारात जाणाऱ्या शेतकऱ्याला आधार म्हणून धान्यकोठ्या उभ्या केल्या. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात ते भूमिगत झाले आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याचा सपाटा लावला. मानिवलीचे हिराजी पाटील आणि त्यांचे वडील गोमाजी पाटील, दोघेही या लढ्यात होते.

धान्यकोठी आणि विजेचा मनोरा या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या प्रकरणांत टाकतो. पहिली 'समाजकार्य', दुसरी 'क्रांतिकार्य'. आमच्या मते ही विभागणीच चुकीची आहे. मागावर पोलीस असताना सह्याद्रीच्या रानात महिनोन्‌महिने राहायचे तर कुणाची तरी भाकरी लागते, कुणीतरी दाखवलेली पायवाट लागते, आणि पाहूनही न पाहिल्यासारखे करणारी गावे लागतात. हा विश्वास ऑगस्टमध्ये एकाएकी उगवलेला नव्हता. तो आधीच्या वर्षांत कोठीच्या दाराशी आणि शाळेच्या ओसरीवर मिळवलेला होता. केवळ मृत्यूची जागा आणि तारीख सांगणारे स्मारक हा संबंध तोडून टाकते.

याबाबतीत आपली जुनी वीरगळाची परंपरा अधिक जाणती होती. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ आठवा. खालच्या पट्टीत झुंज, मग वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. तेथे जहाजांची लढाई दगडात कोरलेली आहे. पुष्कळ वीरगळांवर नाव नसते, पण माणूस कशासाठी आणि कसा मेला हे निरक्षरालाही वाचता येते. १९८० च्या दशकाच्या आरंभी राज्यभर शासनाने उभारलेल्या हुतात्मा स्मारकांत नेमके उलटे झाले. पुष्कळशी एकाच धर्तीची ती वास्तू गावोगाव आली, नावांच्या पाट्या लागल्या, आणि कार्य मात्र पाटीत मावले नाही.

याला केवळ इतिहासाची हळहळ म्हणून सोडून देता येत नाही. ज्या विजेसाठी मनोरे उभे राहिले ती मुंबईच्या गिरण्यांसाठी आणि रेल्वेसाठी होती. ते मनोरे ज्यांच्या डोक्यावरून जात होते त्या वाड्या अंधारात होत्या. दस्त्याचा रोख परकीय सत्तेच्या युद्धयंत्रणेवर होता हे खरेच, पण आजच्या शहापूरच्या विद्यार्थ्याला त्यातले दुसरे चित्रही लगेच ओळखू येईल. १८९२ साली तानसा धरण पूर्ण झाले तेव्हापासून हा तालुका मुंबईला पाणी देतो आहे. भातसाही इथलीच. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. स्मारकाचा अर्थ असा वर्तमानाशी जोडता आला तर २ जानेवारीला तिथे जाण्याला कारण मिळते.

कुणी म्हणेल, विधी टिकला आहे हे काय कमी आहे? २०२० साली भाई कोतवालांवर चित्रपटही आला. मान्य. पण चित्रपटाला नायक लागतो, विधीला प्रतिमा लागते. भाकरी पोचवणाऱ्या बाईची गोष्ट दोहोंतही दुय्यमच राहते. ती सांगणारी पिढी आता जवळपास संपली आहे. त्यांच्याकडून ऐकलेली मुले-नातवंडे मात्र आहेत, आणि त्यांतली काही आपल्याच वर्गांत बसतात.

लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी आपण विद्यार्थ्यांकडून त्याच त्या ओव्या आणि म्हणी दरवर्षी गोळा करून घेतो. त्याऐवजी एक वर्ष मुरबाड, शहापूर आणि कर्जतच्या महाविद्यालयांतील मराठी विभागांनी मिळून हे काम घ्यावे. मुलांनी आपापल्या घरी, आपापल्या बोलीत, बेचाळीसच्या ऐकीव गोष्टी विचाराव्यात आणि जशा ऐकल्या तशा लिहाव्यात. त्यांत विसंगती येतील, अतिशयोक्तीही येईल. ती तपासायला अभिलेखागारे आहेत. न विचारलेली गोष्ट तपासायला मात्र कुठेच जाता येत नाही.