बारीक अंगकाठीवर विसंबू नका!

मधुमेह हा शेटजींचा रोग, ढेरी सुटलेल्यांचा रोग, राबणाऱ्या हाडकुळ्या माणसाला तो कुठून होणार? ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वस्त्यांत हा समज आजही घट्ट रुतून बसला आहे. कोपरीपासून वालधुनीपर्यंतचा सफाई कामगार, रिक्षाचालक, रात्रपाळीचा वॉचमन, धुणीभांडी करणारी भगिनी, सारे याच भरवशावर तपासणी टाळतात. हा भरवसा खोटा आहे. तो आपल्या माणसांचे डोळे, पाय आणि मूत्रपिंडे हिरावून घेणारा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी स्वतःचीच मोजणी करून ती २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो आकडा बीएमआय म्हणून ओळखला जातो, तो दोघांचाही २२.३. म्हणजे काट्यावर दोघे सारखेच. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वजन तेच, पण एकाकडे स्नायू जास्त आणि दुसऱ्याकडे चरबी जास्त. रक्तातली साखर खेचून घेण्याचे मोठे काम स्नायू करतात. स्नायू कमी आणि पोटातल्या अवयवांभोवती चरबी जास्त, अशा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही. हातपाय काडीसारखे दिसत असले, तरी आत साखर वाढत जाते.

हे कधीपासून सुरू होते? तर आईच्या पोटातून! १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांच्या गटाने गरोदर मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ सगळ्याच बाबतीत लहान; पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. पोटात अन्न अपुरे पडले की गर्भ मेंदू वाचवतो, चरबी राखतो आणि स्नायूंत काटकसर करतो. असे मूल पुढे शहरात येते, लोकलमध्ये तासन् तास उभे राहते, वडापाव आणि गोड चहावर दिवस काढते. उपासासाठी घडलेल्या शरीरावर पीठ-साखरेचा मारा होतो आणि रोग जडतो.

यावर कोणी म्हणेल, भारतीयांचे रक्तच तसे, वंशच तसा. आम्ही इथे सावध होतो. अनुवंशाचा वाटा असेलही. पण वंशाकडे बोट दाखवले की व्यवस्था सुटते. डोकी आणि नाके मोजून माणसांची प्रतवारी लावणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांच्याच मोजमापांनी उत्तर दिले आणि अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही हे दाखवले. इथेही तोच प्रश्न विचारला पाहिजे. पिढ्यान् पिढ्या कोणाच्या आया अर्धपोटी राहिल्या? बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत डोक्यावर पाट्या कोणी वाहिल्या? १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला, तो कामगार स्त्रीला बाळंतपणात विश्रांती मिळावी म्हणूनच. त्यांना स्वतःलाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने छळले होते, हेही विसरू नये.

'श्रीमंतांचा रोग' हे बिरूद तर आता आकड्यांनीच खोडून काढले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे १५ राज्यांचे निष्कर्ष २०१७ साली आले. महाराष्ट्रासारख्या सधन राज्याच्या शहरी भागात मधुमेहाचे प्रमाण वरच्या थरापेक्षा गरीब थरात अधिक आढळले. २०२३ च्या निष्कर्षांत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेली आहे.

मग गरिबाच्या ताटात काय आहे? रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळते, ते मुख्यतः तांदूळ आणि गहू. पोट भरते, पण स्नायू घडवणारी प्रथिने कुठे आहेत? डाळ महाग. स्वस्तातले बैलाचे मांस २०१५ च्या कायद्याने बंद केले. शाळेतल्या पोरांना आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबवून लोकवर्गणीचा सल्ला दिला गेला! ताटातले प्रथिन काढून घ्यायचे आणि मग व्यायाम करा म्हणून उपदेश द्यायचा, हा कुठला न्याय?

उपाय आपल्या हातात आहेत, आणि हक्काने मागायचेही आहेत. भारतीयांसाठी मापदंड वेगळे आहेत. बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हावे. पाच फूट पाच इंचाच्या माणसाला ६५ किलो वजन इंग्रजी मापाने ठीक, आपल्या मापाने जास्त. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे नको. तीस वर्षांवरील माणसासाठी आशाताई जो सरकारी अर्ज भरतात, त्यात कमरेचे माप विचारलेलेच आहे. ते डोळ्यांनी अंदाजे न लिहिता टेपने मोजून घ्या. मात्र कंबर बारीक म्हणून साखर तपासायची टाळू नका. घरात कोणाला मधुमेह असेल किंवा गरोदरपणात साखर वाढली असेल, तर तिशीचीही वाट पाहू नका.

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही आपल्या कराच्या पैशांची रुग्णालये आहेत. तिथे साखरेची तपासणी आणि औषधे अखंड मिळावीत, अंगणवाडीत गरोदर मातेला आणि शाळेत मुलाला अंडे मिळावे, या मागण्या घेऊन आपल्या संघटनांनी दोन्ही महापालिकांवर आणि मंत्रालयावर धडकले पाहिजे. जयंतीच्या वर्गणीतून प्रत्येक बुद्धविहारात एक मोजपट्टी आणि एक साखर तपासण्याचे यंत्र आले, तर तो खर्च डीजेपेक्षा कितीतरी कमी असेल. आणि मुलगी वयात येईल तेव्हापासून तिचे ताट घरात शेवटी वाढले जाणार नाही, एवढे तरी आजपासून ठरवू या. पुढच्या पिढीचा मधुमेह त्या ताटापाशीच अडवायचा आहे.