चार छोटे ग्लास

मुरबाडचा एक तरुण परवा दवाखान्यात सांगत होता, "डॉक्टरसाहेब, पुण्यात बिअरचे छोटे ग्लास मिळतात. चार प्रकार घेतले, नुसते चवीपुरते!" मी कागद पुढे ओढला. शंभर मिलीचे चार ग्लास म्हणजे 400 मिली. बिअर आठ टक्क्यांची, म्हणजे 32 मिली मद्यार्क. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगात असतो सुमारे 13. झाले की अडीच पेग! हिशोब पाहून गडी गप्पच झाला.

एवढा एक पेग निपटायला यकृताला साधारण तासभर लागतो. लिंबू, ताक, काळी कॉफी यांनी तो वेळ कमी होत नाही. ग्लास छोटा म्हणून आपण मोजणं सोडतो, खोट तिथंच आहे. पुढं शहापूरचा महामार्ग किंवा माळशेजची वळणं असतील, तर वाचकहो, पहिल्या ग्लासाआधीच गाडीची किल्ली न पिणाऱ्याच्या हाती द्या.