मेणाचं घर आणि मे महिना

रात्रीचे साडेनऊ वाजले की आमच्या घरात रोज तोच पाऊस पडतो. कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, चिमणीचं मेणाचं घर टिकतं आणि भिजलेला कावळा तिचं दार ठोठावू लागतो. साडेचार वर्षांची नात माझ्या दंडावर डोकं ठेवून ऐकत असते. ही गोष्ट मी आजीकडून ऐकली, आजीनं तिच्या आजीकडून. पण परवा या मुलीला जो प्रश्न पडला, तो मला साठ वर्षांत पडला नव्हता.

"आजोबा, उन्हाळ्यात चिऊचं घर वितळत नाही?"

सारी नोकरी बँकेत झालेली. कुणी काही विचारलं की नेमका आकडा सांगायचा, ही सवय. म्हटलं, "मधमाशीचं मेण वितळायला साठ अंशांच्या वर तापमान लागतं. आपल्याकडे मे महिन्यातही हवा तेवढी तापत नाही. फार तर घर जरा मऊ पडेल."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "पण समजा, वितळलं तर?"

माझा हिशेब तिथं संपला आणि तिची गोष्ट सुरू झाली. शेणाचं घर उन्हात कडक होतं, म्हणजे आता चिऊच कावळ्याकडे जाणार. "मग त्यानं दार उघडायचं का?"

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९२०च्या दशकात लहान मुलांना चंद्र-सूर्याविषयी प्रश्न विचारले. आपण चाललो की चंद्रही आपल्याबरोबर येतो, असं अनेक मुलांनी सांगितलं. पियाजेंनी ही उत्तरं चुकीची म्हणून बाजूला टाकली नाहीत. मूल त्या उत्तरापर्यंत कसं पोचलं, ते पाहिलं. आपल्याला मात्र उत्तर देऊन मोकळं व्हायची घाई असते. मुलाला झोपवायचं असतं, उद्याची शाळा असते, ओटा आवरायचा राहिलेला असतो.

हल्ली गोष्ट सांगायला मोबाइल आहे. त्यातली चिमणी सुरेख नाचते, गाते, पण "वितळलं तर?" म्हटल्यावर थांबत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, तेव्हा तिच्या प्रकरणांना 'रात्र' असं नाव दिलं. श्याम सांगतो आणि भोवतीचे सोबती त्याच्याशी बोलतात. गोष्ट सांगणाऱ्याला अडवता यायला हवं, तरच ऐकणाऱ्याचं मन तिच्यात शिरतं.

हे शहाणपण मला उशिरा आलं. माझा मुलगा याच वयाचा होता, तेव्हा मी शाखेतली कामं घरी आणत असे. निजायच्या वेळी तो टेबलाशी येऊन उभा राहायचा. "बाबा..." मी मान वर न करता म्हणायचो, "थांब जरा." चिमणी तरी दुसरं काय म्हणते? बाळाला अंघोळ घालू दे, तीट लावू दे. तिची कामंही खोटी नव्हतीच. पुढे त्यानं येणं सोडलं, आणि पोरगा समजूतदार झाला म्हणून मला बरंच वाटलं होतं.

परवा नातीच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. "तुला काय वाटतं?" एवढंच विचारलं. तिनं अंधारात पुष्कळ विचार केला.

"उघडेल," ती म्हणाली. "पण आधी थोडं थांब म्हणेल."

खोलीच्या दारात तिचा बाप उभा होता. हातातल्या मोबाइलच्या उजेडात त्याचा चेहरा दिसत होता. त्यानं तो बंद केला, आत आला आणि पलंगाच्या पायथ्याशी बसला.

"किती वेळ थांब म्हणेल गं?"

"थोडाच," ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपी गेली.