पिन बसली म्हणजे यंत्र जोडले असे नव्हे



आज लिहिणार आहे एका साध्या वस्तूबद्दल. एका यंत्राचा प्लग दुसऱ्या जातीच्या सॉकेटात बसावा म्हणून मध्ये जो तुकडा घालतात, त्याबद्दल. कोणी त्याला अ‍ॅडॉप्टर म्हणतो, कोणी जोडणी म्हणतो, आणि आमच्याकडचे वायरमन नुसते ‘मधला पीस’ म्हणतात. वस्तू मुठीएवढी, पण तिच्यापायी आमच्या घरातले एक माणूस जाता जाता राहिले. म्हणून हे सांगणे.

आमच्या मावसभावाने कांदा निवडायला एक जुना पट्टा विकत घेतला. विलायती बनावटीचा, दोन अश्वशक्तीच्या मोटरीचा. एका बाजूने कांदा ओतायचा, दोन्ही अंगांनी बायांनी उभे राहून गोल्टी, जोड आणि सडका कांदा काढायचा, चांगला माल पुढे गोणीत. यंत्र उत्तम होते. फक्त त्याच्या केबलच्या टोकाला होता तांबड्या रंगाचा, गोल, पाच पिनांचा प्लग. शेडमध्ये आपला लोखंडी खोक्यातला चार पिनांचा सॉकेट. दोघांचे जमेना.

गावातल्या वायरमनला बोलावले. पोरगा हाताचा चलाख. म्हणाला, “दादा, दोन तासांत मधला पीस करून देतो.” आणि खरेच दिला. एका टोकाला आपल्याकडचा प्लग, दुसऱ्या टोकाला पाच भोकांचा सॉकेट, मध्ये दोन हात केबल.

पहिल्या दिवशी बटण दाबले, पट्टा गुरगुरला आणि स्टार्टरच्या पेटीतून जळका वास आला. आतली कॉइल गेली. नवी कॉइल आणली, वायरी बदलून पाहिल्या, तेव्हा पट्टा उलटा फिरू लागला. पुन्हा वायरी बदलल्या, पट्टा सुलट फिरला. सगळे म्हणाले, झाले काम. सहाव्या दिवशी पहाटे वळवाचा पाऊस पडून गेला होता, शेडची जमीन ओली होती. वहिनींनी पट्ट्याच्या लोखंडी चौकटीला हात लावला आणि हात तिथेच चिकटला. शेजारच्या बाईने आरडाओरडा केला, पुतण्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून निभावले. हाताची दोन बोटे भाजली, दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. देवाच्या दयेने वहिनी आज ठीक आहेत.

मी गेलो तेव्हा तो वायरमन खाली मान घालून उभा होता. म्हणाला, “काका, मी तर रंगाला रंग लावला होता. कुठं चुकलं?” त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. आम्ही दोघांनी बसून तो पीस उघडला. त्यात जे सापडले ते तुमच्याही शेडमध्ये असू शकेल, म्हणून एकेक सांगतो.

रंगाला रंग लावू नका

आपल्याकडे तीन फेजचे रंग लाल, पिवळा आणि निळा. न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवे. युरोपातल्या यंत्रात फेज असतात तपकिरी, काळा आणि करडा. न्यूट्रल निळा, आणि अर्थिंग हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचे. आता बघा गंमत. आपला निळा म्हणजे फेज, त्यांचा निळा म्हणजे न्यूट्रल. आपला काळा म्हणजे न्यूट्रल, त्यांचा काळा म्हणजे फेज! पोराने निळ्याला निळा आणि काळ्याला काळा जोडला. त्यामुळे मोटरीला तिसऱ्या फेजच्या जागी न्यूट्रल मिळाला, आणि जी कॉइल फेज व न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्टवर चालायची तिच्यावर दोन फेजमधले ४१५ व्होल्ट आले. ती जळणारच.

इंग्लंडमध्ये पूर्वी आपल्यासारखेच रंग होते. तिकडे २००४ साली युरोपचे रंग घ्यायला सुरुवात झाली आणि २००६ पासून ते सक्तीचे झाले. म्हणजे एकाच देशातून आलेल्या दोन यंत्रांत रंग वेगळे निघू शकतात. तेव्हा रंगावर विश्वास टाकू नका. प्लगच्या आत प्रत्येक पिनेशेजारी अक्षर किंवा खूण कोरलेली असते. ती वाचा, मीटर लावून पडताळा, आणि मगच स्क्रू आवळा.

गोल प्लगची भाषा

हे गोल कारखानी प्लग आय.ई.सी. ६०३०९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनतात. त्यांचा रंगच व्होल्टेज सांगतो. पिवळा असेल तर ११० व्होल्टच्या आसपास, निळा असेल तर २३०, तांबडा असेल तर ४०० च्या घरात. आकार १६, ३२, ६३ आणि १२५ अँपिअरचे. लहान प्लग मोठ्या सॉकेटात बसत नाही, तो मुद्दामच बसू दिलेला नाही.

पिना मोजा. तांबड्या प्लगात चार पिना म्हणजे तीन फेज आणि अर्थिंग. पाच म्हणजे त्यात न्यूट्रलही आला. अर्थिंगची पिन इतरांपेक्षा जाड असते, आणि तिची जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांगतात. सॉकेट समोरून पाहताना खाच खाली धरली, तर आपल्या ४०० व्होल्टच्या तांबड्या सॉकेटात अर्थिंग सहा वाजता असते, म्हणजे सरळ खाली. द्राक्षे घेऊन जाणारे शीत कंटेनर पाहिलेत ना? त्यांचा प्लगही तांबडा, ३२ अँपिअरचा, चार पिनांचा. पण त्यात अर्थिंग तीन वाजता असते. म्हणून तो शेडच्या साध्या तांबड्या सॉकेटात बसत नाही. कानशीने खाच घासून तो बसवणारे महाभाग असतात. बंधूंनो, तसे करू नका. न बसणे हा त्या प्लगचा दोष नव्हे, ती त्याने दिलेली सूचना आहे.

अर्थिंगची वायर ‘जास्तीची’ नसते

वहिनींना शॉक बसला त्याचे कारण हे. आपल्या शेडच्या सॉकेटापर्यंत अर्थिंग आलेलेच नव्हते. पोराने यंत्राची हिरवी-पिवळी वायर टेपमध्ये गुंडाळून आत सारून दिली. ‘पट्टा तर चालतोय’ म्हणून कोणी विचारले नाही. अर्थिंगवाचून यंत्र चालतेच, तीच त्यातली फसगत आहे. मोटरीच्या डबीत एका वायरीचे आवरण घासले होते, पाण्याने ओल आली, आणि सारी चौकट जिवंत झाली. वीज जमिनीत जायला वाट शोधत होती, ती वाट वहिनी झाल्या.

घरातल्या तीन पिनांच्या प्लगकडे पाहा. वरची पिन लांब आणि जाड असते. लांब यासाठी की प्लग घालताना अर्थिंग आधी जोडले जावे आणि काढताना शेवटी सुटावे. जाड यासाठी की ती दुसऱ्या भोकात जाऊच नये. करणाऱ्यांनी एवढा विचार केला आहे, आणि आपण ती पिन कापून टाकतो!

त्याहून वाईट एक प्रकार आहे. यंत्राला न्यूट्रल हवा आणि सॉकेटात तो नाही, तेव्हा काही जण अर्थिंगलाच न्यूट्रल करतात. दिवा लागतो, कॉइल ओढते, सगळे खूश. पण ज्या दिवशी खड्ड्याकडे जाणारी ती वायर तुटेल, त्या दिवशी कॉइलमधून आलेली वीज थेट चौकटीवर उभी राहील. यंत्राला न्यूट्रल लागत नसेल तर पाच पिनांवरून चार पिनांवर येता येते. लागत असेल तर मेनपासून न्यूट्रलची वेगळी वायर ओढलीच पाहिजे. तिसरा मार्ग नाही.

आणि अर्थिंग असले म्हणजे संपले असेही नाही. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, मातीतून पुरेशी वीज परत जात नाही, आणि जाड फ्यूज उडत नाही. म्हणून जोडीला ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवा. वीज वाटेत गळू लागली की तो निमिषात पुरवठा तोडतो. त्याच्यावर चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. आणि खड्ड्यात पाणी घालायला विसरू नये.

मोठ्या सॉकेटातून लहान यंत्र

दोन अश्वशक्तीची तीन फेज मोटर चालताना साधारण तीन-साडेतीन अँपिअर घेते. सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. आमच्या शेडच्या मेनला ३२ अँपिअरचा फ्यूज, आणि पीसमध्ये बारीक वायर. उद्या पट्टा अडकला, वायर तापून वितळली, तरी तो फ्यूज ढिम्म हलणार नाही. मोठ्या सॉकेटातून लहान यंत्र चालवायचे तर मधला पीस नुसता पीस नको, पेटी हवी. पेटीत लहान यंत्राच्या मापाचा एम.सी.बी., त्याच्यासोबत आर.सी.सी.बी., आणि मग सॉकेट. १६ अँपिअरच्या जोडणीला २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, रबरी आवरणाची केबल घाला. केबल पेटीत शिरते तिथे ग्लँड आवळलेली हवी, म्हणजे कोणी केबल ओढली तरी ताण स्क्रूवर येणार नाही.

कोणी म्हणेल, ही तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. असू दे. कोंबडीपेक्षा माणूस महाग.

पिना नेहमी यंत्राकडे

एक नियम घरातल्या पोराबाळांनाही पाठ करून द्या. वीज येते त्या बाजूला भोके, वीज घेते त्या बाजूला पिना. भोकांत बोट जात नाही, पिना मात्र उघड्या असतात. लाइट गेली की काही ठिकाणी दोन्ही टोकांना पिना असलेली वायर काढतात. एक टोक जनरेटरला, दुसरे भिंतीतल्या सॉकेटात. एक टोक निसटले की हातात जिवंत पिना येतात. शिवाय मेन पाडायचा राहिला तर ती वीज उलटी डीपीपर्यंत जाते, आणि खांबावर चढलेला लाइनमन हकनाक बळी पडतो. तोही कोणाच्या घरचा कर्ता असतो. अशी वायर घरात असेल तर हा अंक खाली ठेवून आधी तिचे एक टोक कापून टाका.

पट्टा उलटा फिरला तर

यात घाबरण्यासारखे नाही. कुठल्याही दोन फेज अदलाबदल केल्या की दिशा बदलते. डीपीचे काम झाल्यावर विहिरीवरची मोटर उलटी फिरते, तोच हा प्रकार. मात्र पट्टा नव्या जागी जोडला, किंवा डीपीवर काही काम झाले, की आधी रिकामा फिरवून बघा आणि मगच बायांना उभे करा. मेन पाडल्याशिवाय वायरींना हात लावू नका.

दोन पट्टे एकापुढे एक असतील तर माल घेणारा पुढचा आधी सुरू करायचा, ओतणारा मागचा नंतर. बंद करताना उलट क्रम. पुढचा थांबला की मागचाही आपोआप थांबावा यासाठी चांगल्या यंत्रांत बारीक पिनांचा आणखी एक प्लग असतो. जोडणी जमली नाही की लोक तो तारेने थेट करून टाकतात. मग एका पट्ट्याचे लाल बटण दाबले तरी दुसरा चालूच राहतो. कोणाच्या लुगड्याचा पदर सापडला तर? तो प्लग जोडून घेतल्याशिवाय यंत्र कामाला लावू नका.

अ‍ॅडॉप्टर काय करीत नाही

तो फक्त आकार जुळवतो. व्होल्टेज बदलत नाही, सायकल बदलत नाही. अमेरिकेतली वीज ६० सायकलची, आपली ५० ची. तिकडची साधी मोटर इकडे सहा भागांतले पाचच भाग वेग देईल, आणि १२० व्होल्टची कॉइल आपल्या २३० वर जळेल. तेव्हा जुने यंत्र घेताना रंगरोगण बघण्याआधी मोटरीवरची पाटी वाचा. व्होल्ट, सायकल, फेज, अँपिअर. हे चार आकडे कागदावर उतरवून जाणत्या माणसाला दाखवा, सौदा नंतर.

शेवटी, न करो पण कोणाला शॉक बसलाच तर धावत जाऊन धरू नका. आधी मेन पाडा. मेन लांब असेल तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडाने माणसाला दूर करा. श्वास चालू आहे का पाहा, नसेल तर छाती दाबणे सुरू करा आणि मदत बोलवा. माणूस उठून बसले, ‘काही झालं नाही’ म्हणाले, तरी दवाखान्यात न्या. शॉकचा परिणाम काळजाच्या ठोक्यावर मागाहूनही दिसतो.

आमच्या शेडमध्ये आता नवी पेटी आहे, नवा अर्थिंगचा खड्डा आहे, आणि पेटीच्या झाकणाआत कोणती वायर कुठे जाते याचा कागद चिकटवला आहे. पेटी त्याच पोराने केली, नीट शिकून केली. महिन्याच्या पहिल्या तारखेला आर.सी.सी.बी.चे बटण दाबायचे काम वहिनींनी स्वतःकडे घेतले आहे. ते दाबून खट्ट आवाज आल्याशिवाय त्या कोणालाही पट्ट्याजवळ उभे राहू देत नाहीत.