दोन किलोबाइटची शाळा
मोबाइलचं ॲप लिहायला शिकायचं, तर आधी मोबाइल बाजूला ठेवून आर्डुइनो उनोसारखा साधा बोर्ड हाती घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या चिपमध्ये चालू कामासाठी मेमरी अवघी २ किलोबाइट. हे सदरसुद्धा युनिकोडमध्ये तिथे मावणार नाही. बटण एकदा दाबलं की आतले संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात आणि चिप एका दाबाचे चार-पाच दाब मोजते. इथे चुकलेली असते ती बटणाविषयीची आपली समजूत. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर तर सुमारे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. ‘ठरलेली वेळ उलटली का?’ असं थेट विचारणारा पंपाचा टायमर दीड महिना बिनबोभाट चालतो आणि मग फसतो. सुरुवातीपासून किती वेळ गेला याची वजाबाकी केली, तर फसत नाही. (असली चूक तासाभराच्या चाचणीत सापडायची कशी?) फोनमध्ये कित्येक गिगाबाइट असताना ही काटकसर कशाला, असं कुणी म्हणेल. पण बॅटरी गिगाबाइटवर चालत नाही, आणि मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे पडलेलं ॲप न विचारता बंद करतं. अर्धा भरलेला फॉर्म तेवढ्यात जपून ठेवलेला नसेल, तर परतलेल्या माणसाला तो कोराच दिसतो. परवानग्या, पडद्यांचे आकार, मध्येच तुटणारं नेटवर्क हे बोर्डावर शिकता येत नाही, हा आक्षेप मात्र मान्य. त्यासाठी फोनच हवा, फक्त दुसऱ्या सत्रात.